मानेवरचा चट्टा



माझी नोकरी पाने बघण्याची. कृषी खात्यात लागलो त्याला तीस वर्षे होत आली. एवढ्या वर्षांत नाशिक जिल्ह्यातल्या बांधाबांधावर उभा राहून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलो. रोग ओळखायचा असेल तर घाईने औषधाचे नाव विचारू नका. आधी तो पानावर कुठे आला आहे ते पाहा. खालची जुनी पाने पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर बहुधा लोह कमी. पिवळेपणा तोच, पण जागा वेगळी, म्हणून कारण वेगळे आणि उपायही वेगळा.

हे शहाणपण मी मेळाव्यांतून, शिवारफेऱ्यांतून सांगत फिरलो आणि माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या मानेवरचा चट्टा मला वर्षभर ओळखता आला नाही. त्याचे कारण पुढे येईलच. आज ही घरातली गोष्ट चारचौघांत सांगतो आहे ती बहिणीची परवानगी घेऊन. ती म्हणाली, "दादा, लिही. माझ्यासारख्या अजून असतील."

बहीण निफाड तालुक्यात दिलेली. घरची तीन एकर द्राक्षबाग. दाजी कष्टाळू, सासूबाई खमक्या पण मायेच्या. 2014 साल आठवा. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली. बहिणीच्या बागेतला माल काढणीला आला होता. अर्ध्या तासात घडांचा चिखल झाला आणि काड्यांवर जखमा राहिल्या. बँकेचा हप्ता, औषधाच्या दुकानाची उधारी, पुढच्या छाटणीची मजुरी, सगळे तसेच उभे. शेतकऱ्याच्या घरात सोने म्हणजे अडचणीचे शेवटचे पोते. आधी पाटल्या गेल्या, मग कानातले गेले. शेवटी मंगळसूत्राची साखळी आणि सोन्याचे मणीही गेले. दोन वाट्या तेवढ्या तिने ठेवल्या. त्या वाट्या आणि काळे मणी तिने पिवळ्याधमक मुलाम्याच्या साखळीत गाठवून घेतले. कानांतही तशीच मुलाम्याची फुले आली. यातले तिने मला काही सांगितले नाही. आम्ही पाहिले ते गळ्यात पिवळे आणि कानात पिवळे. सगळे पूर्वीसारखेच.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबर छाटणीनंतर तिचा फोन आला. "दादा, मानेला फार खाज येतीय. बागेत गेलं की जास्तच. फवारणीनं झालं असंल का?"

वाचकहो, हा प्रश्न तिने नेमका चुकीच्या माणसाला विचारला. फवारणी म्हटले की माझ्या डोक्यात ठरलेली चक्रे फिरू लागतात. मी तिला लांबलचक व्याख्यान दिले. फवारलेल्या बागेत लगेच शिरू नकोस, पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, मानेभोवती सुती फडके गुंडाळ, घरी आल्यावर साबणाने धू. पुढे विचारले, "बांधावर गाजर गवत आहे का?" होते. मग तर मला गुन्हेगार सापडल्यासारखेच झाले.

संशयाला आधार होता. गाजर गवत, ज्याला कोणी काँग्रेस गवत म्हणतात, ते आपल्याकडे 1950 च्या दशकात पुण्याच्या बाजूला प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याने कित्येक शेतकऱ्यांची कातडी हत्तीसारखी जाड आणि काळी झालेली मी स्वतः पाहिली आहे. दाजींनी दोन मजूर लावून सगळे बांध साफ केले. त्या कामाचे वाईट वाटायला नको, गाजर गवत उपटलेले केव्हाही चांगलेच. पण मानेची खाज होती तशीच राहिली.

पुढच्या वर्षभरात त्या चट्ट्याने घराची घडी विस्कटली. मेडिकलच्या दुकानातून कोणीतरी सांगितलेली ट्यूब आणली. लावली की चार दिवस बरे वाटे, सोडली की दुप्पट उठे. 2015 च्या उन्हाळ्यात मान रात्रीची अशी खाजे की उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग पडू लागले. बहीण बागेत जायची थांबली. तिच्या जागी विरळणीला आणि डिपिंगला मजूर लावावा लागला आणि आधीच ओढाताणीच्या घरात रोजाचा एक खर्च वाढला. आळीतल्या बायका कुजबुजू लागल्या. कोणी म्हणे गजकर्ण, कोणी म्हणे लागट आहे, शेजारी बसू नका. हळदीकुंकवाला बोलावणे येई, पण बसायला जागा एका टोकाला. सासूबाई एकदा बोलून गेल्या, "सुनेला मातीच मानवंना झालीय." ते वाक्य तिच्या मनाला चट्ट्यापेक्षा जास्त लागले.

मग आली 2015 ची भाऊबीज. नोव्हेंबरचा महिना, बागेत डिपिंगची धांदल, तरी तिने पाट मांडला, रांगोळी काढली. ओवाळायला ती वाकली तेव्हा पदर जरा सरकला. तबकातल्या निरांजनाच्या उजेडात मी वर्षभरात पहिल्यांदा तिची मान नीट पाहिली. तोवर मी सल्ले दिले होते ते सगळे फोनवरून, नाहीतर ओट्यावर चहा घेताना.

मानेवर चट्टा नव्हता, रेघ होती. दोरीने आखावी तशी. मानेमागे रुंद आणि काळी, दोन्ही बाजूंनी गळ्याच्या खाचेपर्यंत उतरत आलेली. जिथे साखळी, तिथे रेघ. पुढे छातीवर, जिथे दोन वाट्या टेकत होत्या, तिथली कातडी मात्र तुमच्या-माझ्यासारखी स्वच्छ. कानांच्या दोन्ही पाळ्यांवर खपल्या. पोलक्याच्या गळपट्टीवर हिरवट डाग.

फवारा अशी रेघ ओढत नाही. गाजर गवताचा परागही ओढत नाही. तो चेहरा, पापण्या, मान, कोपराच्या खोबणी असा उघड्या अंगावर पसरतो. हा तर थेट साखळीचा छाप होता. जुने पान की नवे पान, हा प्रश्न मी जगाला विचारत आलो होतो आणि घरात तेवढाच विचारायचा राहिला होता.

जेवणे झाल्यावर मागच्या पडवीत तिला विचारले, "साखळी कुठली गं ही?" ती बराच वेळ भांडी लावत राहिली. मग म्हणाली, "दादा, तुला कळलं असतं तर तू पैसे दिले असतेस. ते नको होतं मला. तुझ्याही पोरींची शिक्षणं चालली होती."

मी काय बोलणार! खिशातले ओवाळणीचे पाकीट तबकात घालून मोकळा झालेला भाऊ मी.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून ती साखळी घेतली आणि नाशिकला सराफ बाजारात एका ओळखीच्या वयस्क सोनारांकडे गेलो. त्यांनी कानस घेऊन साखळीचा एक कोपरा हलकेच घासला आणि भिंगाखाली मला दाखवले. वर पिवळा पापुद्रा, त्याखाली पांढरा चकचकीत थर, त्याच्याखाली पितळ. म्हणाले, "साहेब, वरचं सोनं खरंच आहे, पण नावापुरतं. मधलं पांढरं आहे ते निकेल."

इथे थोडे थांबून हा मुलामा कसा देतात ते सांगतो. आपल्या घरात त्याला चांगला दाखला आहे, तो म्हणजे कल्हई. पितळेच्या पातेल्याला आतून कथलाचा थर देतात. तो आहे तोवर ताक, आमटी काही घाला. कल्हई उडाली की तेच ताक कळकते, हिरवट होते, कारण आंबटपणा थेट पितळेला भिडतो. दागिन्याचेही तसेच. फरक एवढा की कल्हई विस्तवावर देतात आणि हा मुलामा विजेवर. धातूच्या क्षाराच्या पाण्यात दागिना लोंबता सोडायचा, वीज सोडायची, की पाण्यातला धातू दागिन्यावर येऊन बसतो. आपल्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांच्या सुट्या भागांना असेच प्लेटिंग करतात. सोन्याच्या मुलाम्यात मधे पुष्कळदा निकेलचा थर देतात. त्याने वरचे सोने चकाकते, आणि खालचे तांबे हळूहळू वर झिरपून रंग काळवंडवू पाहते ते अडते. कारागिराच्या दृष्टीने तो थर कामाचाच. वरचा सोन्याचा पापुद्रा मात्र स्वस्त दागिन्यात एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. नावात 'एक ग्रॅम' असले म्हणजे त्या दागिन्यात एक ग्रॅम सोने असतेच असे नाही.

आता हा पापुद्रा घामात झिजला की काय होते? घामात मीठ असते, थोडे आम्लही असते. आपल्या उपम्यात सांगायचे तर घाम म्हणजे ताक आणि साखळी म्हणजे कल्हई उडालेले पातेले. निकेलचे कण घामात विरघळून कातडीत शिरतात. म्हणून थंडीत घरी बसलेल्या बाईला त्रास कमी, आणि भर उन्हात बागेत राबणारीला जास्त. बहिणीला "बागेत गेलं की वाढतं" असे वाटत होते ते खोटे नव्हते. वाढत होते ते घामाने, आणि बोल लागला फवाऱ्याला.

पोलक्यावरच्या हिरव्या डागाचेही समजून घ्या. तो डाग तांब्याचा. आपण बोर्डो मिश्रणाला मोरचूद वापरतो, त्याच्याच जातकुळीतला क्षार. तो दिसायला वाईट, पण धुतला की जातो, आणि तांब्याने अंगावर उठण्याचे प्रमाण फार थोडे. हिरवा डाग ही नुसती सूचना आहे, की मुलामा उडाला. खाज आणणारा आहे तो त्याच्या वरचा पांढरा थर.

सोनारांच्या बोलण्याची मला खात्री करून घ्यायची होती. तेव्हा आठवले धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातले रसायनाचे प्रात्यक्षिक. डायमिथाइल ग्लायॉक्झिम नावाचे एक लांबलचक नावाचे द्रव्य. त्यात अमोनिया आणि निकेलचा अंश आला की झकास गुलाबी-लाल साका पडतो. परीक्षेत मला तोच क्षार आला होता, म्हणून विसरलो नव्हतो. एका महाविद्यालयात रसायन शिकवणारे मित्र आहेत, त्यांच्याकडे गेलो. कापसाच्या बोळ्यावर ते द्रव्य घेऊन साखळीच्या मानेकडच्या भागावर घासले. बोळा गुलाबी झाला. तोच प्रयोग कानातल्या फुलांच्या दांडीवर केला, पुन्हा गुलाबी. मग त्या दोन वाट्यांवर केला, तर बोळा पांढराच राहिला. मित्र हसून म्हणाले, "तीस वर्षांनी का होईना, तुमची पदवी उपयोगी पडली."

शेवटची खात्री नाशिकच्या त्वचारोगतज्ज्ञांनी केली. ॲलर्जी ओळखायची 'पॅच टेस्ट' असते, ती जर्मनीतल्या याडासोन नावाच्या डॉक्टरांनी 1895 मध्ये प्रथम मांडली. पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या लहान पट्ट्या चिकटवतात, दोन दिवस ठेवतात आणि काढल्यावर दोन-तीनदा वाचतात. सुई नाही, रक्त नाही. फक्त ते दोन दिवस पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असे काम करायचे नाही. बहिणीच्या पाठीवर गाजर गवताच्या पट्टीखाली काही उठले नाही. निकेलच्या पट्टीखाली लाल पुरळ आले. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमचा रोग लागट नाही. कुणाला तुमच्यापासून काही होणार नाही." ती तिथेच रडली. वर्षभर आळीतल्या बायका तिच्यापासून हातभर लांब बसत होत्या ना!

आता तुम्ही विचाराल, तशीच साखळी शेजारणीने घातली तर तिला काही होत नाही, हिलाच का? एकाच शिवारात एका वाणावर भुरी लवकर येते, दुसऱ्यावर उशिरा, तसेच हे. शिवाय ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. शरीरातली संरक्षक यंत्रणा गावच्या जागल्यासारखी असते. पहिल्यांदा ती परक्याला नुसती न्याहाळते. कधी काही आठवड्यांत, कधी काही वर्षांनी ती ठरवते की हा शत्रू. एकदा ठरवले की बहुतेकांच्या बाबतीत ते जन्मभर टिकते. मग निकेल अंगाला लागले की एक-दोन दिवसांनी त्या जागी पुरळ उठते. हा एक-दोन दिवसांचा उशीर फार फसवा आहे. लागले सोमवारी आणि उठले बुधवारी, म्हणजे आपण दोष देणार बुधवारी केलेल्या कामाला.

बहिणीच्या बोटांनाही खाज येत असे, म्हणून तर आम्ही फवाऱ्यालाच धरून बसलो होतो. कारण निघाले विरळणीची कात्री. तिच्या चकचकीत मुठीवरही निकेलचाच मुलामा होता. मुठीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि बोटे शांत झाली.

निकेल म्हणजे काही विष नव्हे बरे का. पिकाला युरिया पचवण्यासाठी जे विकर लागते त्यात निकेलच असते, आणि 1987 मध्ये संशोधकांनी बार्लीच्या पिकावर प्रयोग करून निकेल वनस्पतींना आवश्यक असल्याचे दाखवले. वस्तू कोणाच्या वाट्याला, कुठे आणि किती येते, यावर सगळे असते. या धातूचे नाव मात्र मोठे मजेचे आहे. जर्मनीतल्या खाणकामगारांना तांब्यासारखे दिसणारे एक खनिज मिळे, पण त्यातून काही केल्या तांबे निघेना. ते म्हणाले, हे भुताने बिघडवलेले तांबे, 'कुप्फरनिकेल'. स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी 1751 मध्ये तसल्याच खनिजातून हा नवा धातू वेगळा काढला आणि त्याला भुताचेच नाव राहिले. आमच्या बहिणीच्या मानगुटीवर बसलेले भूत ते हेच!

हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. युरोपात तर पाहण्यांमध्ये दहा बायकांत एखादीला तरी निकेलची ॲलर्जी आढळते. डेन्मार्कने 1990 च्या सुमारास दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर बंधन घातले. पाठोपाठ 1994 मध्ये युरोपीय संघाने नियम केला की अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूच्या एका चौरस सेंटिमीटरमधून आठवड्याला अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. डेन्मार्कमध्ये ज्या मुलींचे कान नियम आल्यानंतर टोचले गेले, त्यांच्यात ही ॲलर्जी आधीच्या मुलींपेक्षा कमी दिसली.

कान टोचण्याचा उल्लेख मुद्दाम केला. ही ॲलर्जी जडण्याचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे ओल्या जखमेत घातलेला स्वस्त दागिना. आपल्याकडे म्हण आहे, कान सोनारानेच टोचावेत. आपण तिचा अर्थ लावतो की ज्याचे काम त्यानेच सांगावे. पण तिच्या पोटात वैद्यकी आहे. सोनार बाळाच्या कानात शुद्ध सोन्याची तार घालत असे आणि जखम भरेपर्यंत तीच राही. अलीकडे जत्रेत, दुकानात बंदुकीने कान टोचतात आणि मिळेल ते फूल अडकवतात. बाकी कुठेही काटकसर करा, नातीच्या कानात मात्र जखम पुरती भरेपर्यंत सोन्याची बारीक तारच असू द्या. तिला फार सोने लागत नाही.

आता घरोघरी उपयोगी पडतील अशा चार गोष्टी. खाज कुठे येते ते आधी पाहा. कानाची पाळी, मानेची रेघ, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली, पायाच्या बोटांत जोडव्यांखाली, पोलक्याच्या हुकांखाली, कमरेला जिथे सेफ्टी पिन टोचते तिथे, किंवा पुरुषांच्या बेंबीखाली जिथे पट्ट्याचे बक्कल टेकते तिथे असेल, तर संशय धातूवर घ्या. तो दागिना दोन-तीन आठवडे पूर्ण बाजूला ठेवा. दिवसा काढून रात्री घालू नका, त्याने काही कळत नाही.

मेडिकलच्या दुकानातून परस्पर ट्यूब आणू नका. पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असते. ते डॉक्टरच्या सल्ल्याने थोडे दिवस लावले तर औषध, आणि मनाने महिनोन्महिने चोपडले तर कातडी पातळ होते, नायटा असेल तर तो पसरतो. काही जणी दागिन्याला नखाचे रंगहीन पॉलिश लावतात. लग्नकार्याच्या एका दिवसापुरते ते चालते, रोजच्या वापरात घामाने आणि घासण्याने ते निघून जाते. जर्मन सिल्व्हर या नावाला भुलू नका. त्यात चांदी नसतेच, तांबे, जस्त आणि निकेल असते.

बावीस कॅरेट सोन्यात शंभरातले 91.6 भाग सोने आणि बाकी बहुधा तांबे-चांदी असते, म्हणून ते सहसा बाधत नाही. घेताना हॉलमार्क बघून घ्या. 16 जून 2021 पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांची धास्ती घेऊ नका, त्यातले निकेल घट्ट बांधलेले असते. आणि काचेच्या बांगड्यांत तर हा प्रश्नच नाही.

पण औषधाहून अवघड गोष्ट पुढे होती. डॉक्टरांनी साखळी काढायला सांगितली आणि बहीण अडून बसली. "नवरा धडधाकट असताना मोकळ्या गळ्यानं कशी फिरू?" ती म्हणे. मी रसायनशास्त्र सांगितले, दाजींनी समजावले, काही उपयोग झाला नाही. खरे भय तिला वेगळेच होते. साखळी उतरली की सोने गेल्याचे गावाला कळणार. वर्षभर मान सोलून निघाली, ती ही एक गोष्ट झाकण्यासाठी.

कोडे सोडवले ते सासूबाईंनी. त्या उठल्या, ट्रंकेच्या तळातून फडक्यात गुंडाळलेली एक पोत काढली आणि सुनेच्या पुढ्यात ठेवली. बारीक काळे मणी, सुतात ओवलेले, मधे दोन वाट्या बसतील एवढी जागा. म्हणाल्या, "आमच्या लग्नात कुठं होत्या साखळ्या? ही पोत घालून मी चाळीस वर्षं संसार केला. सोनं हाय का न्हाई ते लोकांनी बघावं म्हणून का हे घालत्यात?"

मी म्हणालो, "मावशी, हे आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "मला तरी कुठं म्हाईत साखळी खोटी हाय म्हणून? तिनं तुला सांगितलं न्हाई, तसं मलाबी न्हाई सांगितलं."

त्याच आठवड्यात बहिणीने नाशिकला पटवेकऱ्याकडून काळे मणी चांगल्या सुती दोऱ्यात गाठवून घेतले, मधे त्याच दोन वाट्या. खर्च द्राक्षाच्या एका क्रेटइतकाही आला नाही. दोरा घामाने मळतो, म्हणून दर सहा महिन्यांनी नवा घालून घ्यायचा, एवढीच देखभाल. कानांतली फुले काढून पाळ्या बऱ्या होईपर्यंत कडुलिंबाची काडी घालतात तशी बारीक काडी ठेवली, पुढे सोन्याची तार आली. डॉक्टरांच्या औषधाने खाज आठवड्यात थांबली, कातडी तीन-चार आठवड्यांत मऊ झाली. काळा डाग जायला मात्र वर्ष लागले. त्याच हंगामात ती पुन्हा विरळणीला बागेत उतरली.

पुढचे सांगायचे तर, तिच्या गळ्यातली दोऱ्याची पोत पाहून बचत गटातल्या बायकांनी विचारले आणि तिने लपवले नाही, सगळे सांगितले. सोने मोडले तेही सांगितले. तेव्हा आणखी तिघींनी पदर बाजूला करून आपापल्या माना दाखवल्या. त्यांच्याही घरातले सोने त्याच गारपिटीत गेले होते. हळदीकुंकवाला तिला एका टोकाला बसवणाऱ्यांपैकी एक त्यांतच होती.

वाचकहो, आपल्या शेतकऱ्याच्या घरात सोने येते आणि जाते. पीक बुडाले की जाते, पिकले की येते. त्यात लाज कसली? लाज वाटायची तर मला वाटावी, की दुसऱ्यांच्या बागेतली पाने उलटसुलट करून पाहणाऱ्या माणसाने घरच्या माणसाची मान वर्षभर पाहिली नाही.

आज दिवेलागणीला एक करा. घरातल्या बाईमाणसाला, आई असो, बहीण असो, सून असो, विचारा की मानेला, कानाला काही होते का. विचारताना 'साखळी कुठली' हे आधी विचारू नका, 'त्रास होतो का' हे आधी विचारा. आणि भगिनींनो, तुम्हालाही सांगतो, गळ्यातले पिवळे जाऊन दोऱ्यात काळे मणी आले म्हणून तुमचे सौभाग्य उणे होत नाही. एवढे एका जरी घरात झाले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.